देवीचा एडका

९ एप्रिल

अखेर एडका आणला, एका हंगामाच्या बोलीवर. सरकारी मेंढी-फार्मच्या फाटकातून बाहेर काढला तेव्हा सासरी निघालेल्या पोरीसारखा पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होता. भला थोरला आहे. शिंगांना दोन-दोन वेढे, गळ्याखाली कातडीच्या घड्या, आणि तोंडावर इतकी लोकर की डोळे शोधून काढावे लागतात. फार्मचे डॉक्टर म्हणाले, "जपा याला. तुमच्यासारखी डोंगर चालायची सवय नाही त्याला." मी म्हटलं, सवय काय, लावली की लागते. म्हणायला आपलं काय जातं!

भाऊने त्याच्याभोवती एक फेरी मारली, खाली वाकून खूर बघितले आणि मला विचारलं, "हा चालणार, की याला पालखी करायची?"

भाऊला हे मुळातच पटलेलं नाही. आमच्या कळपात आजोबांपासून एकाच वंशाचे एडके चालत आलेत. कोकरं दरसाल बारीक होत चाललीत. गेल्या हिवाळ्यात एका गारठ्याच्या पावसानंतर सकाळी मी टोपलीभर मेलेली कोकरं उचलली. भाऊ म्हणाला, देवीने दिली, देवीने नेली. मी म्हटलं, देवीने अक्कलपण दिलीय, ती काय फक्त टोपीखाली ठेवायला? सगळा हिवाळा हाच वाद चालला. शेवटी भाबी चिडून म्हणाली, "आण बाई तो एडका एकदाचा. त्याच्यासोबत घरात थोडी शांतताही आण."

ही वही मिठाच्या दुकानदाराकडची. दोन पोती मीठ घेतलं की एक डायरी फुकट. दरवर्षी भाबी तिच्यात मसाल्याच्या पुड्या बांधायची. या वर्षी मी लपवून ठेवली.

१८ एप्रिल

एडका चालतो, पण वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यासारखा. दर ओढ्याशी बसतो. मी कळपाच्या पुढे असतो, भाऊ मागे. आज मुक्कामाला मी पोचलो, चूल पेटवली, मक्याच्या रोट्या झाल्या, गार झाल्या, तरी भाऊचा पत्ता नाही. मग अंधारता अंधारता दिसला. एडका पुढे आणि भाऊ त्याच्या मागे, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ओक झाडाचा पाला. त्याला एकेक पान दाखवत आणत होता.

"तुला तर नको होता ना हा?" मी विचारलं.

"नकोच आहे," भाऊ म्हणाला. "पण आणलाय तर उपाशी मारू का?"

आमचे आई-बाप मी सहा वर्षांचा असताना एका दरडीखाली गेले. भाऊचं त्याच साली लग्न झालं होतं. भाबी नवी नवरी, तिच्या पदरात मी पडलो. भाऊ माझ्याशी कधी गोड बोलला नाही. रोटीचा मऊ भाग मात्र अजूनही माझ्याकडे सरकवतो, मी चौतीस वर्षांचा झालो तरी.

२७ जून

खिंड ओलांडून लाहौलमध्ये उतरलो. चढायच्या आधी पायथ्याला, खिंडीच्या मातेच्या ठाण्यावर, नेहमीप्रमाणे बोकड बळी दिला. भाऊने त्याच्या पाठीवर तांदूळ-फुलं घातलेलं पाणी टाकलं आणि सगळे मागे सरलो. पाणी टाकल्यावर जनावराला हात लावायचा नाही, हाकारायचं नाही. त्याने आपणहून अंग झाडलं की देवीचा कौल मिळाला. या बोकडाने इतक्या झटक्यात झाडलं की भाऊच्या तोंडावर पाणी उडालं. आता बर्फ काय नि दरड काय, भाऊ माथ्यापर्यंत गाणी म्हणत गेला.

मला कधीकधी वाटतं, गार पाण्याने कोणीही अंग झाडेलच. पण हे मी भाऊला सांगत नाही. त्याला खिंडीत गाताना ऐकायला मला आवडतं.

१४ ऑगस्ट

एडक्याला स्वर्ग सापडला म्हणायचा, इतका खूश आहे. गवत इथलं गुडघाभर, आणि मेंढ्या सगळ्या त्याच्या. शेजारच्या कुरणावर गोरखूमामाचा कळप आहे. हा मामा नात्याने लांबचा, बोलण्याने मात्र सख्ख्या सासूपेक्षा जवळचा. रोज येतो, एडक्याकडे बघतो.

"काय रे चतरू, तुझ्या साहेबाला थंडी वाजत नाही का? रजई तर सोबतच घेऊन आलाय."

"मामा, पुढच्या वर्षी तूच मागशील याचं पिल्लू."

"मी? माझी मेंढरं खिंडीच्या मातेची आहेत, सरकारची नाहीत."

भाऊ ऐकत होता. त्याने मामालाही उत्तर दिलं नाही आणि मलाही गप्प बसवलं नाही.

६ ऑक्टोबर

फार्मचा ट्रक आला आणि एडक्याला घेऊन गेला. तो ट्रकमधून, आम्ही पायी. भाऊने त्याच्या तोंडापुढची लोकर बाजूला करून त्याचे डोळे एकदा बघितले. "बघ, डोळे आहेत याला," म्हणाला.

११ डिसेंबर

कांगड्यात खालच्या रानात उतरलो आहोत. पहिली मेंढी व्याली, आणि माझ्या हट्टापायी मरायलाच टेकली होती. कोकरू मोठं, वाट लहान. मेंढी ओरडायचीही थांबली. मला काही सुचेना. भाऊने बाही वर केली, तेल लावलं आणि हात आत घातला. गोरखूमामा डोक्याशी बसून मेंढीला धरून होता आणि तोंडाने माझा उद्धार करत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग भाऊ डोळे मिटून म्हणाला, "माते, दोघं जगू देत. नर असला तर तुझा. उतरताना खिंडीत तुला देईन."

नरच निघाला. आमच्या कोकरांच्या दीडपट, जाड हाडाचा, आणि अंगावर लोकर इतकी की ओला असूनही गुबगुबीत दिसत होता. मेंढीही उठली. भाबीने त्याच्या गळ्यात लाल दोरा बांधला. आता त्याला कातर लागायची नाही. देवीला बोललेल्या जनावराला कातर लावणं म्हणजे तिच्या अंगावरचं वस्त्र ओढण्यासारखं.

माझ्या मनात काय आलं ते इथे लिहून टाकतो. एवढ्या वर्षांत पहिलं खरं कोकरू जन्मलं आणि भाऊने ते देऊन टाकलं. मी रागाने बाहेर जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने भाऊ आला. त्याचा हात कोपरापर्यंत सुजला होता.

"मरत होती रे ती," एवढंच म्हणाला.

३० जानेवारी

गारांचा पाऊस झाला, पाठोपाठ बोचरा वारा. सकाळी टोपली घेऊन फिरलो. मेलेली सगळी जुन्या वाणाची, ज्या मेंढ्या सरकारी एडक्याला लागल्या नव्हत्या त्यांची. मिश्र वाणाची कोकरं ओल्या गवतात उभी राहून दूध ओढत होती. एकही गेलं नाही.

मी भाऊला हात धरून दाखवायला नेलं. त्याने खाली बसून एकेकाचं अंग चाचपलं. मग म्हणाला, "चांगलं काम केलंस." माझ्या आयुष्यात भाऊने मला असं पहिल्यांदाच म्हटलं. भाबीला तीनदा सांगितलं मी. ती म्हणाली, "ऐकलं रे, बहिरी नाही मी."

२० जून

वरच्या गावात थांबून कातरणी उरकली. देवीच्या एडक्याला सोडून सगळे भादरले. भाबीने त्याच्या लोकरीत बोट घातलं तर मधल्या पेरापर्यंत गेलं आणि अडकलं, कातडीपर्यंत पोचेना. आतून पिवळसर, तुपासारखी चिकट. भाबी हात धुताना म्हणाली, "याला न्हाऊ घालायचं तर आधी परवानगी काढावी लागेल."

भाबी यंदाही गावातच राहणार, मका आणि राजमा तिच्या गळ्यात. निघताना भाऊला म्हणाली, "ही दोन पोरं सांभाळून ने." एक मी आणि एक एडका.

१४ सप्टेंबर

परतीची वाट. लाहौलच्या बाजूने खिंडीच्या पायथ्याशी आलो. आभाळ धुतल्यासारखं. गोरखूमामाचा कळप सोबत आहे.

सकाळी या बाजूच्या ठाण्यासमोर देवीचा एडका उभा केला. नऊ महिन्यांचा, पण बापाच्या खांद्याला लागेल असा. भाऊने पाणी टाकलं. लोकरीवर थेंब उभे राहिले, अळवाच्या पानावर राहतात तसे, आणि घसरून खाली पडले. एडक्याने मान खाली घातली आणि चरायला लागला.

आम्ही थांबलो. पुन्हा पाणी. पुन्हा तेच. ऊन डोक्यावर आलं. मामाने आपला बोकड आणला, पाणी टाकलं, त्याने तत्क्षणी झाडलं.

"किरपू, माझ्या कौलावर चल," मामा भाऊला म्हणाला. "तुझं तू पुढच्या साली बघ."

"बोललेलं जनावर दिल्याशिवाय मी खिंड कशी ओलांडू?" भाऊ म्हणाला. "कोणत्या तोंडाने?"

१५ सप्टेंबर

आजही नाही. भाऊ पहाटेपासून उपाशी होता. मामा आपला कळप घेऊन निघाला. निघताना जे बोलला ते टोमणा म्हणून नाही बोलला, म्हणून जास्त लागलं.

"चतरू, राग मानू नको. माझ्या डोळ्यांसमोर तिने नाकारलंय. मिसळलेलं रक्त तिला नको आहे. गावात विचारलं तर मला खरंच सांगावं लागेल. पुढच्या वर्षी तुमच्या कळपासोबत कोणी आपली मेंढरं चारणार नाही."

तो गेल्यावर भाऊ म्हणाला, "उद्यापर्यंत बघू. नाहीच दिला कौल, तर एखादं जुन्या वाणाचं जनावर पाया पडून देऊ, खाली उतरू, आणि ही सगळी मिश्र वाणाची खाटकाला घालू. तिला नको ते आपल्याकडे नको."

मी उठलो. दगडामागे जाऊन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. गारांत उभी राहिलेली कोकरं आहेत ती. मागून पाला हलला म्हणून बघितलं तर भाऊ उभा होता. मी तोंड पुसलं. तो तसाच परत फिरला.

१६ सप्टेंबर

तिसरा दिवस. नाही.

आज मी बोललोच. "भाऊ, पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही. त्याला कळतच नाही की अंगावर काही पडलंय. थोडी लोकर बाजूला करून पाणी घाल."

भाऊ इतका चिडला की काठी उगारली. "कौल काय आपण काढायचा असतो? ती माता आहे, तिला लोकर बाजूला करता येत नाही होय रे?"

 मग दिवसभर एडक्याजवळ बसून होता. त्याच्या पाठीत बोटं घालत होता, काढत होता. मध्येच माझ्याकडे बघत होता. त्याचा राग गेला नाही असं मला वाटलं.

इथलं गवत संपलं. मेंढरं दगड चाटतायत. पश्चिमेला घोड्याच्या शेपटीसारखे पांढरे ढग आलेत. एरवी असे ढग दिसले की भाऊ पहिला ओरडतो. आज त्याने एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

१७ सप्टेंबर

कौल मिळाला! आधी ते लिहितो. कौल मिळाला.

सकाळी जाग आली तेव्हा भाऊ ओढ्यावरून एडक्याला घेऊन येत होता. हातात कातर, धुतलेली. "दोर गुंतला होता, कापला," म्हणाला. ठाण्यासमोर उभे राहिलो. पाणी टाकताना भाऊचा हात इतका कापत होता की निम्मं खालीच सांडलं. पण पहिला थेंब पाठीवर पडला मात्र, आणि एडक्याने शिंगापासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की गळ्यातला लाल दोरा तुटला. मी ओरडत सुटलो. भाऊच्या गळ्यात पडलो. तो लाकडासारखा उभा.

"आता तुझ्या वाणाला कोणी नाव ठेवणार नाही," म्हणाला. "मामाला सांग, पहिल्या थेंबाला झाडलं."

"तूच सांग की. तुझं लोक ऐकतात."

"तू सांग."

दरवर्षी कातडं मी सोलतो. आज त्याने सुरीला हात लावू दिला नाही. स्वतः सोललं, राख-मीठ चोळलं, गुंडाळलं आणि घट्ट बांधलं. माझ्या कपाळाला टिळा लावला, स्वतःला लावायचा विसरला. मी आठवण केली तर म्हणाला, हात भरलेत. मांस शिजवलं तेही खाल्लं नाही, पोट बरं नाही म्हणे. तीन दिवसांचा उपास, होणारच.

ढग दाटलेत. मी विचारलं, थांबायचं का. तो म्हणाला, "चारा संपला. बर्फ पडला तर इथे अडकून सगळी मरतील. पहाटे निघू."

मी आज इतका खूश आहे की थंडीही वाजत नाही.

२० सप्टेंबर

कुगतीत आहे, खिंडीच्या आपल्या बाजूला. गावाच्या वरच्या अंगाला एका गोठ्यात. बोटं नीट चालत नाहीत.

अर्ध्या चढावर बर्फ सुरू झाला. भाऊने मला जवळ बोलावलं. कानाशी तोंड आणून म्हणाला, "तू पुढे हो. मिश्र वाणाची पुढे घाल, त्यांची छाती रुंद आहे, वाट पाडतील. मी म्हाताऱ्या मेंढ्या घेऊन मागून येतो. माथ्यावर माझ्यासाठी थांबू नको. ठाण्याला नमस्कार तूच कर, दोघांच्या वाटचा."

"तू येतोयस ना पण?"

"मी मागेच असतो की रे. कधी पुढे होतो?"

त्याचं खरं होतं. माझी धूडं पोटापर्यंत बर्फात घुसत पुढे गेली. जुनी मेंढरं त्यांनी पाडलेल्या घळीतून चालली. माथ्यावर पोचलो तेव्हा समोरचा हात दिसत नव्हता. मी नमस्कार केला, दोघांच्या वाटचा. हाका मारल्या. वाऱ्याने माझीच हाक माझ्या तोंडात कोंबली. थांबलो असतो तर कळप गेला असता. मी उतरलो.

भाऊ आला नाही. त्याच्यासोबतची मेंढरंही नाहीत. मिश्र वाणाची सगळी उतरली असावीत. मी ती मोजली नाहीत. मोजायची इच्छाच झाली नाही.

२२ सप्टेंबर

गोरखूमामा गावातली माणसं घेऊन आला. आज आभाळ निवळलं. भाऊ सापडला.

माथ्याआधी, लाहौलच्याच बाजूला, एका खडकाच्या आडोशाला बसलेला होता. आजूबाजूला म्हाताऱ्या मेंढ्या, त्यातल्या दोन जिवंत. माथ्यावरचं ठाणं तिथून एका हाकेवर आहे. झेंडे दिसतात. हे मला समजत नाही. भाऊ इथवर पोचला. उरलेली वाट त्याने चाळीस वर्षं डोळे मिटून चाललेली. मग तो का बसला? त्याचा लोकरीचा चोला झाडलेला होता, त्यावरून कमरेला बांधायचा लोकरी दोर नीट गुंडाळलेला. दमलेल्या माणसाचं बसणं नव्हतं ते. परवानगीची वाट बघत देवळाबाहेर माणूस बसतो, तसा बसला होता.

देवीने कौल दिला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मग का नेलं त्याला? मामाला विचारलं. मामा म्हणाला, "आपण विचारायचं नसतं," आणि त्याने आपला पटका काढून भाऊच्या तोंडावर घातला.

५ ऑक्टोबर

भाबी रडत नाही. चूल पेटवते, मेंढ्यांना बघते, मला जेवायला वाढते. रोटीचा मऊ भाग माझ्याकडे सरकवते. तो मला गिळत नाही.

संध्याकाळी येऊन बसते आणि एकच विचारते.

"पहिल्या थेंबाला झाडलं ना?"

"हो भाबी. दोराच तुटला."

"त्याने काही वाकडं नव्हतं ना केलं? उपास पाळला ना?"

"तीन दिवस."

"मग तिने मानलं त्याला. रागाने नाही नेलं. आपला म्हणून नेलं." आणि मग ती उठून कामाला लागते. या एका गोष्टीवर ती उभी आहे. मी तिला रोज ती पुन्हा सांगतो, आणि सांगताना मलाही जरा बरं वाटतं.

मामाने गावात सगळ्यांना सांगितलंय की कौल मिळाला. त्याने माझ्याकडे एक मिश्र नर मागितला. मी दिला. काही वाटलं नाही.

१९ जानेवारी

खाली कांगड्यात आलो तरी ते कातड्याचं बोचकं तसंच बांधलेलं होतं. आज भाबीने सोडलं. देवीच्या एडक्याचं कातडं, त्याचं आसन करून भाऊच्या नावाने पूजेला बसायचं तिच्या मनात होतं. ओढ्यावर धुवायला नेलं. मी पलीकडे मेंढ्यांना पाणी पाजत होतो.

"चतरू," तिने हाक मारली. आवाज साधाच होता. "इकडे ये."

कातडं दगडावर पसरलं होतं. पाण्याने वरची लोकर दोन्ही बाजूंना पडली होती, आणि मधे, बरोबर पाठीच्या कण्यावर, तळहाताएवढी जागा उघडी होती. कातरीने कातडीपर्यंत भादरलेली. कडेची लोकर वरून नीट ओढून झाकायची, म्हणजे दिसणार नाही, अशी.

"देवीच्या जनावराला कातर कोणी लावली?" भाबीने विचारलं.

मी त्या जागेकडे बघत राहिलो. कातरीचे फटके आखूड आखूड होते. भाऊ असाच भादरायचा, मी त्याला चिडवायचो, शिंपी आहेस का म्हणून. ओढ्यावर धुतलेली कातर. कापणारा हात. न लावलेला टिळा. ज्याने माझ्यावर काठी उगारली होती त्यानेच दुसऱ्या पहाटे हे केलं. त्याला स्वतःसाठी कौल नको होता, मला रडताना बघून गेला होता तो. माझी मेंढरं खाटकाकडे जाऊ नयेत म्हणून भाऊने त्याच्या देवीला फसवलं, आणि मग तिच्या दारापर्यंत जाऊन आत जायची त्याची छाती झाली नाही. सगळं एकदम समजलं. 

भाबी माझ्याकडे बघत होती. तिला कोणाचं नाव घ्यायचं नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तिला भीती वाटत होती.

"मी," मी म्हटलं.

"तू?"

"मी लावली. कौल मिळावा म्हणून. भाऊ झोपला होता."

"सोललं कोणी?"

"मीच. दरवर्षी मीच सोलतो ना. त्याला दिसू दिलं नाही."

"म्हणजे त्याला माहीत नव्हतं."

"नाही. तो कौल खरा समजूनच वर चढला."

तिने डोळे मिटले. मी तिला जे द्यायचं ते दिलं होतं. तिचा किरपू स्वच्छ राहिला. मग डोळे उघडून तिने मला बघितलं, आणि ते बघणं मी लिहू शकत नाही.

"त्याला तू मारलंस," ती म्हणाली. "सहा वर्षांचा होतास रे. छातीशी घेऊन झोपवलं मी तुला."

तिने कातडं ओढ्यात सोडून दिलं. ते थोडं अंतर वाहिलं आणि पुढे दगडाला अडकलं. ते काढायला आम्ही कोणी गेलो नाही.

२४ जानेवारी

भाबीचा भाऊ आला. तिने त्याच्या तोंडून मला सांगितलं की तिच्या वाटणीची मेंढरं ती माहेरी नेणार. फक्त जुन्या वाणाची. मिश्र वाणाचा केसही नको.

मी म्हटलं, ने.

पण जुन्या मेंढ्या म्हणजे या माझ्या मिश्र वाणाच्याच आया. ही धूडं आयांहून उंच झाली तरी अजून त्यांच्याच मागे चालतात. भाबीने कळप हाकला आणि सगळीच्या सगळी तिच्यामागे निघाली. ती थांबली. तिचा भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मग मी कुत्र्याला घेऊन पुढे झालो आणि आडवा उभा राहिलो. एकेक मेंढी जाऊ दिली, तिच्या पोराला काठीने मागे सारलं. भाबी माझ्या अगदी जवळून गेली. तिच्या ओढणीचं टोक माझ्या हाताला लागलं. मी एक वाक्य बोललो असतो तर ती थांबली असती, माझ्या तोंडावरून हात फिरवला असता, आणि त्या क्षणापासून जन्मभर तिला माझा भाऊ देवीचा चोर वाटला असता.

मी बाजूला झालो.

संध्याकाळपर्यंत सगळा रानमाळ ओरडत होता. तिकडून आया, इकडून ही. मग तिकडचा आवाज लांब गेला. मी दगडावर मीठ पसरलं. कोणी तोंड लावलं नाही.